सफाई अडली की छाती झिजते

गळू पिकून फुटले की पिवळसर पू येतो. आपण त्याला नुसती घाण समजतो. पण त्या पुवात बहुतांश असतात जंतूंशी लढून मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी. त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. निरोगी माणसाच्या हाडांतील मगजात रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे असते. गळवातला पू बाहेर पडतो. पण शरीराच्या आत रोज मरणाऱ्या एवढ्या पेशी जातात कुठे?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण न्यूट्रोफिलच्या पोटात जंतू मारणारी जहाल द्रव्ये असतात. पेशी आतल्या आत फुटली तर ती द्रव्ये आपल्याच मांसाला जाळतात. म्हणून आयुष्य संपत आलेली पेशी फुटत नाही, आकसते. तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूला येतो. ही खूण ओळखून मॅक्रोफेज नावाची मोठी पेशी तिला अख्खी गिळते आणि पचवते. या भक्षक पेशींचे महत्त्व इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने 1882 पासूनच्या संशोधनातून दाखवले. त्याला 1908 चे नोबेल मिळाले. मॅक्रोफेज म्हाताऱ्या न्यूट्रोफिलना ओळखून गिळतात, हे 1989 मध्ये जॉन सॅव्हिल व सहकाऱ्यांनी स्पष्ट केले.

गिळून झाल्यावर हीच मॅक्रोफेज सूज उतरवणारे आणि जखम भरून आणणारे संदेश सोडते. म्हणजे जंतू मेले की आजार संपला, असे नाही. सफाई झाली की मगच शरीर बरे होते.

आता विडी-सिगारेटचे पाहा. धुरामुळे फुफ्फुसात न्यूट्रोफिलची गर्दी वाढते आणि त्याच धुराने मॅक्रोफेजची मेलेल्या पेशी गिळण्याची ताकद घटते. कचरा वाढला आणि सफाई अडली! मग पेशी तिथेच फुटतात. त्यांच्यातली द्रव्ये फुफ्फुसातल्या हवेच्या नाजूक फुग्यांच्या भिंती खातात. सीओपीडी नावाचा दम्यासारखा आजार वाढण्यामागे हे एक मोठे कारण आहे. मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. लाकूडफाट्याच्या चुलीच्या धुरानेही हा आजार होतो. त्यामुळे कधी विडीला हात न लावलेल्या आयाबहिणीही त्यातून सुटत नाहीत.

आपल्या घरांत मात्र "विडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच" असे म्हणून विषय संपवला जातो. पंचशीलातले पाचवे शील आपण दारूपुरतेच धरतो. माझ्या मते तंबाखूलाही त्यात धरले पाहिजे. वंदना घेऊन विहाराच्या पायरीवरच विडी पेटवायची, हे धम्माला शोभत नाही आणि शेजारी खेळणाऱ्या लेकरांवर तो अन्याय आहे.

पण सगळा दोष विडी ओढणाऱ्याच्या माथी मारूनही चालणार नाही. कचऱ्याचे ढीग आपल्याच वस्तीच्या कडेला का असतात? ते पेटले की धूर कोणाच्या घरात शिरतो? कचरा उचलण्याच्या कामावर जाणारे आपलेच भाऊ-बहीण तो धूर सर्वांत जास्त गिळतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. कागदावरची ही मनाई वस्तीत उतरवायची तर महिला मंडळाने आणि विहार समितीने सह्यांचे निवेदन घेऊन वॉर्ड ऑफिसात जावे, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नये. संघटित होण्याचा बाबासाहेबांचा आदेश अशा कामांसाठीही आहे.

घरात एवढे नक्की करा. विडी-सिगारेट घराबाहेर नव्हे, आयुष्याबाहेर काढा. सोडल्यावर छाती झिजण्याचा वेग मंदावतो. स्वयंपाकाच्या जागी धुराला वाट करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची ही तपासणी मोफत असते. चालताना दम लागत असेल तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या.

शरीर आपली सफाई रोज इमानाने करते. तिच्या वाटेतला धूर हटवणे आपल्या हातात आहे.

जय भीम!