पेटीमागे माणूस नाही

वैशाखातली दुपार होती. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या आसेगावात त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. माझ्या चुलतवहिनीच्या घरात तीन शिलाई मशिनी चालू होत्या. भिंतीवरच्या करड्या पेटीतली पंख्याची घरघर आधी थांबली, मग चट् असा आवाज आला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. पेटीच्या छोट्या पडद्यावर लाल आकडा उमटला आणि विझला. मशिनी थांबल्या. ती पेटी म्हणजे सोलरचा इन्व्हर्टर. घेऊन चौदा महिने झाले होते. खोक्यावर पाच वर्षांची वॉरंटी छापलेली होती.

वहिनीने विकणाऱ्या पोराला फोन लावला. तो आमच्याच नात्यातला. म्हणाला, मी फक्त माल आणून देतो, तुम्ही कंपनीशी बोला. कंपनी म्हणजे काय, तर मोबाइलमधलं एक अ‍ॅप. त्यात अर्ज भरला, पेटीवरचा नंबर लिहिला, फोटो टाकले. नऊ दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं. हा नंबर भारतात विक्रीसाठी पाठवलेल्या मालाचा नाही, वॉरंटी मूळ देशातल्या विक्रेत्याकडे मागा, नाहीतर पेटी स्वतःच्या खर्चाने परत पाठवा. वहिनी सातवी शिकलेली. मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा ती पेटीकडे बघत एवढंच म्हणाली, "म्हंजे याले मायबापच नाही."

शाळा उघडण्याआधीच्या गणवेशांची शिलाई तिने अंगावर घेतली होती. स्लॅबवर सहा पॅनेलं तळपत होती, वीज होईल असं सगळं ऊन तिथे फुकट पडत होतं, आणि खाली ती लाईन यायची वाट बघत बसली होती. रात्री लाईन आली की मशिनीवर बसायची. पहाटे डोळे लाल.

हे लिहिण्याआधी मी एक कबूल केलं पाहिजे. ती पेटी घरात आली त्या दिवशी मी तिथे होतो. पेढा खाल्ला होता. बारा हजारांनी स्वस्त पडली म्हणून सगळे खूष होते, मीही होतो. बिल आहे का, आयात कोणी केली, बिघडली तर वाशीमला कोण बघतो, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. चार बुकं शिकलेला माणूस घरात बसलेला आणि गप्प. म्हणून पुढे जे बोलतो आहे ते माझ्यासकट बोलतो आहे.

आधी त्या पेटीचं काम नीट समजून घेऊ, कारण आपल्या गावांत सोलर म्हटलं की लोक फक्त काचेच्या पॅनेलकडे बघतात. पॅनेल निवांत पडून असतं. त्यात हलणारं काही नाही, आणि त्याला बहुतेक कंपन्या २५ वर्षांची हमी देतात. सगळी ओढाताण इन्व्हर्टरच्या वाट्याला येते. पॅनेलमधून येणारी एकदिशा वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून तिची घरात चालणारी वीज तो करतो. त्यातून उष्णता निघते. त्याच्या आतले कंडेन्सर उष्णतेने सुकतात; तापमान दहा अंशांनी वाढलं तर त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आता वऱ्हाडातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. सावलीत ४४, पत्र्याखाली त्याहून अधिक. वर पाली, मुंग्या, कापसाचा धुरळा. पेटीला वॉरंटी असते साधारण पाच ते दहा वर्षं. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या घरीसुद्धा पॅनेलच्या एका आयुष्यात इन्व्हर्टर एकदा-दोनदा दुरुस्त करावा लागणार किंवा बदलावा लागणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं आहे. जी वस्तू बिघडणारच आहे, तिच्या किमतीइतकाच तिचा दुरुस्त करणारा महत्त्वाचा. आणि आपण नेमकं तेच विचारत नाही.

बैल घेताना आपण काय करतो? तोंड उघडून दात मोजतो. चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो, कोणाच्या गोठ्यातला आहे ते विचारतो. खोड निघाली तर परत कोणाकडे न्यायचा हे बाजारातच ठरतं, दोन माणसं साक्षीला असतात. ही शहाणपणाची रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी अक्षरओळख नसताना सांभाळली. आणि आज पदवीधर नातू साठ हजारांची पेटी मोबाइलवरचा फोटो बघून घेतो, वर बिल नको म्हणतो. का, तर जीएसटी वाचतो! सौर उपकरणांवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्या पाच टक्क्यांसाठी आपण आपल्या हातातला एकमेव पुरावा फेकून देतो, आणि याला व्यवहार जमला असं म्हणतो.

याच महाराष्ट्रात १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यांचे अंगठे घेऊन कोऱ्या कागदावर काय काय लिहिलं होतं ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि फेडलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती. त्या उठावानंतर १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता, आमच्या वऱ्हाडासाठी नव्हता. त्या कायद्याने शेतकऱ्याला एक साधी गोष्ट दिली: पैसे दिल्याची लेखी पावती मागण्याचा हक्क. ज्या कागदासाठी त्या माणसांनी तुरुंग सोसला, तो कागद आज दुकानदार द्यायला तयार असतानाही आपण नको म्हणतो. याची शरम वाटली पाहिजे.

आणि विकणारा कोण आहे? परदेशी कंपनीला शिव्या देणं सोपं आहे, ती ऐकायला इथे नाही. माल आणणारा पोरगा आपला आहे. तो लग्नात पंगतीत वाढतो, आजीच्या पाया पडतो, आणि 'घरचाच माणूस' या नावावर पेटी खपवतो. त्याला ठाऊक असतं की हा माल कंपनीने भारतासाठी पाठवलेला नाही, कोणीतरी घाऊक उचलून आणला आहे. खोक्यावरची एक पट्टी सोललेली त्यालाही दिसते. तरी तो 'पाच वर्षं टेन्शन नाही' म्हणतो. नात्याचा विश्वास कमिशनवर विकणं ही चोरीच आहे. आपण तिला पोराने धंदा टाकला म्हणून मिरवतो, आणि बिघाड झाल्यावर भांडत नाही, कारण नातं तुटेल. नातं त्याने आधीच तोडलेलं असतं. पैसेही घेतले, आणि आपल्या मौनाची वॉरंटीही घेतली.

कायदा अशा वेळी गरिबाच्या बाजूने स्पष्ट उभा आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे. बिल न देणं हाच त्यात अनुचित व्यापार ठरवला आहे. बनवणारा सापडत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोचत नसेल, तर सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येते, म्हणजे 'मी फक्त माल आणतो' हे उत्तर तिथे चालत नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. आसेगावच्या माणसाला मुंबईला जावं लागत नाही, वाशीमचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पोटासाठी स्वतः शिलाई करणारी बाई 'व्यापारी' ठरत नाही, ती ग्राहकच. मुदत दोन वर्षांची. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर कोणत्याही फोनवरून लागतो. बाहेरून आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि तक्रारीचा संपर्क छापलेला हवाच, हा वेष्टित मालाचा २०११चा नियम आहे. सोलर इन्व्हर्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची करणारा आदेश २०१७मध्येच निघाला.

बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्यालाही पन्नास वर्षं उलटली. कायदा आहे, आयोग आहे, चळवळीचा वारसा आहे. आमच्या गावात यातलं कोणाला काय माहीत आहे? शाळेत २४ डिसेंबरला ग्राहक दिनाचं भाषण होतं, त्याच शाळेतला गुरुजी बिलाशिवाय पेटी घेतो. सरपंच घेतो. पतपेढी कर्ज देते आणि कोटेशनच्या कागदावर आयातदाराचं नाव बघत नाही. जे वाचू शकतात त्यांनी न वाचणं हा अडाणीपणापेक्षा मोठा अपराध आहे. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना एकेक प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'खोडा घालणारा' म्हणतो.

कोणाला वाटेल, हे खेड्यातल्या भोळ्या लोकांचं रडगाणं आहे. तसं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या काही घरांतले चिनी बनावटीचे इन्व्हर्टर एकाएकी बंद झाले आणि पडद्यावर सूचना आली की या यंत्राला इथे वापराची परवानगी नाही. त्या देशात तो माल विकण्याचा करार दुसऱ्याच कंपनीशी होता. आडमार्गाने आलेल्या पेट्यांचं दाणापाणी दुरूनच बंद झालं. यंत्र तुमच्या भिंतीवर, पैसे तुमचे, आणि चावी समुद्रापलीकडे. श्रीमंत देशातल्या माणसाकडे निदान वकील असतो.

यावर 'चिनी माल नकोच' अशी आरोळी ठोकून मोकळं होणाऱ्यांशीही माझं जमत नाही. परदेशी बनावटीचे कित्येक इन्व्हर्टर उत्तम चालतात. कित्येक देशी नावांच्या पेट्यांचं आतलं सामान बाहेरचंच असतं, आणि तरी त्या चालतात, कारण नावामागे सर्व्हिस सेंटर आहे, सुटे भाग आहेत, फोन उचलणारं माणूस आहे. पेटी कुठून आली याहून तिच्यासाठी कोण उभा राहतो ते बघा.

सरकारी योजनांनी हे थोडंफार ओळखलं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं आणि बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीचं बंधन असतं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, आणि पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराच्या गळ्यात. पण सूर्यघरमध्ये पॅनेल देशी असण्याची अट घातली, आणि जो भाग सगळ्यांत आधी बिघडतो त्या इन्व्हर्टरला तशी अट नाही. शिवाय जाहिरातीत आकडा येतो तो बसवलेल्या संचांचा. तिसऱ्या उन्हाळ्यात चालू किती, हा आकडा फलकावर लावायची हिंमत कोणी दाखवत नाही.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त बोचते. वहिनीची पेटी शेवटी उघडली ती गावाबाहेरच्या टपरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. 'उघडल्यास हमी संपेल' असं लिहिलेली चिकटपट्टी त्याने नखाने उचलली. म्हणाला, "संपाले होतीच कुठं?" आत डोकं फुगलेले दोन कंडेन्सर आणि जाम झालेला पंखा. दोन्ही त्याने अकोल्याहून मागवले. पण बोर्डावरची एक काळी चिप जळलेली होती, तिच्यावरचा नंबर कंपनीने घासून पुसलेला. तिथे त्याचं सगळं आयुष्यभराचं ज्ञान थांबलं. एक तास तो भिंग लावून त्या चिपकडे बघत होता. असे हात आपल्याकडे होते. आपण त्यांना मिस्त्री म्हणून दारात उभं केलं, त्यांच्या पोरांना सोयरीक देताना नाक मुरडलं, आयटीआयला जाणाऱ्याला 'नापास' समजलं. दुरुस्त करणाऱ्याला मान न देणाऱ्या समाजाला न दुरुस्त होणारा माल मिळतो.

वहिनीने नवा इन्व्हर्टर उधारीवर घेतला. या वेळी बिल आहे, वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का आहे. जुन्या पेटीसाठी आयोगात द्यायचा अर्ज मी लिहितो आहे. बिल नाही म्हणून फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आणि त्या पोराचे संदेश जोडले आहेत. त्याच्या आईने घरी येऊन विचारलं, आता समोरासमोर तोंड कसं दाखवायचं? वहिनी काही बोलली नाही, मशीन चालवत राहिली.

गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीत एक दुचाकी थांबली. मागे दोरीने बांधलेलं खोकं. मी ओट्यावरून उठलो, खोकं फिरवून बघितलं. आयातदाराच्या नावाच्या जागी फक्त गोंदाचा चौकोनी डाग. घरमालकाला तो दाखवला, बोट ठेवून दाखवला. आणणारा हसून म्हणाला, "भाऊ, घरचंच काम हाय, बिल कायले पाहिजे?" घरमालक माझ्याकडे बघेना. त्याने खोक्याची दोरी सोडली आणि आत हाक मारली, पाणी आण, पावणे आले.