टर्बो बदलण्याआधी हिशेब मागा

"मोठा टर्बो बसवा, ताकद ३० टक्क्यांनी वाढेल," असे मिस्त्रीने सांगितले की आमचे व्यापारी बांधव खर्चाचा आकडा तेवढा विचारतात. ताकदीचा आकडा कोठून आला, हे कोणी विचारीत नाही. एकेक तागा उलगडून पाहणारा, ताणून मोजलेले कापड हातानेच ओळखणारा माणूस गाडीच्या बाबतीत मात्र तोंडी शब्दावर पैसे मोजतो. आमचे मत असे की, हा सौदाही मापानेच झाला पाहिजे.

गरज खोटी नाही. भिवंडीहून कापड भरून माढा-कुर्डुवाडीकडे निघालेल्या पिकअपला बोरघाट चढावाच लागतो. गिअर खाली येतो, मागचे ट्रक भोंगे वाजवतात आणि इंजिनात थोडा जोर हवा होता असे वाटतेच.

टर्बो ही काही जादू नव्हे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येते. ताकद डिझेलची असते, हवा फक्त ते जाळू देते. डिझेल वाढवून हवा कमी पडली तर काळा धूर निघतो, म्हणजे आपलाच पैसा नळीतून उडतो.

आता हिशेब पाहू. ७५ हॉर्सपॉवरच्या पिकअपमध्ये टर्बोचा दाब १ बारवरून १.३ बार केला असे धरा. मिस्त्री म्हणेल, वाढ ३० टक्के, गाडी ९७ हॉर्सपॉवरची झाली. गल्लत येथेच आहे. दाबाचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब तेवढा दाखवतो. आपल्या भागात बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. तो मिळवला तर खरा दाब १.९५ वरून २.२५ झाला, म्हणजे वाढ १५ टक्के. शिवाय हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते. उन्हाळ्यातली ४० अंशांची हवा पहिल्या दाबाला सुमारे १४० अंशांवर जाते, दुसऱ्याला १६५ वर. तापलेली हवा विरळ होते. टर्बो ७० टक्के कार्यक्षम आणि इंटरकूलर धड असेल, तर हवा प्रत्यक्षात १२-१३ टक्केच जास्त भरते. इंटरकूलर नसेल तर ९ टक्के. डिझेल त्या बेताने वाढवले तरी ७५ चे फार तर ८४. कापडात धुतल्यावर घट येते, तशी ही घट समजा.

याहून मोठी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या टर्बोचे चक्र जड असते, त्याला वेग यायला धूर जास्त लागतो. इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवर दाब उशिरा येतो. भरल्या गाडीला घाटात जोर नेमका खालच्या फेऱ्यांवर लागतो! पैसे ज्या चढासाठी घातले, त्याच चढावर गाडी आधीपेक्षा मंद, असा हा व्यवहार होऊ शकतो. जुन्याच लहान टर्बोला जास्त ताणले तर तो हवा अधिक तापवतो आणि स्वतः लवकर संपतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर.

काही इंजिने कंपनीनेच कमी ताकदीवर ठेवलेली असतात. त्यांत वाव जास्त असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण महिंद्राने २०१७ साली स्कॉर्पिओचे २.२ लिटरचे इंजिन १२० वरून १४० हॉर्सपॉवरवर नेले, ती वाढ १७ टक्क्यांची, आणि सोबत सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स दिला. कारखान्याची ही तऱ्हा, तर एका दिवसात ३० टक्के देणाऱ्याला क्लच आणि गिअरबॉक्सचे काय, हे विचारायला नको का?

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल भरपाईच्या वेळी आडवा येतो. आणि आरसी बुकातली वजनाची मर्यादा टर्बोने किलोभरही वाढत नाही, ब्रेकही तेच राहतात.

गॅरेज चालवणारे आमचे कारागीर बंधूही हे पान वाचतात. त्यांना सांगणे एवढेच की, कामाआधी आणि कामानंतर गाडी डायनोवर मोजून कागद द्या. डायनो जवळ नसेल तर तोच चढ, तेच वजन, तोच गिअर ठेवून ४० वरून ६० चा वेग गाठायला किती सेकंद लागले ते दोन्ही वेळा लिहून ठेवा. असा कागद देणाऱ्याने चार पैसे जास्त मागितले तरी आम्ही देऊ.

आणि त्याही आधी एअर फिल्टर काढून पाहा, इंटरकूलरच्या रबरी नळ्या कोठे फुटल्या आहेत का ते तपासा, इंजेक्टर पंपवाल्याला दाखवा. जुन्या पिकअपची ताकद पुष्कळदा येथेच गळत असते, आणि ती परत मिळवायला नव्या टर्बोच्या मानाने थोडाच खर्च येतो.