हवा थंड, ऊन मात्र कडक

बेंगळुरूत ऑगस्ट महिन्यात कोणी उन्हाचा विषय काढला तर लोक हसतात. बाहेर भुरभुर पाऊस, अंगात स्वेटर, आणि कसलं आलंय ऊन! पण 18 ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य या शहराच्या अगदी डोक्यावर असतो. ढग नसतील तर उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी जाऊन बसते. असा शून्य सावली दिवस इथे वर्षातून दोनदा येतो. पहिला येतो 24 एप्रिलच्या सुमारास. एप्रिलमध्ये आपण सावध असतो, ऑगस्टमध्ये मात्र छत्री घेतो ती पावसासाठी.

रविवारी नंदी हिल्स, स्कंदगिरी किंवा सावनदुर्गला जाणाऱ्यांची गंमत इथेच होते. पहाटे निघताना थंडी वाजते म्हणून जॅकेट घालतात. वर पोचल्यावर ते कमरेला बांधतात आणि आत असतो पातळ पांढरा टी-शर्ट. उतरायला दहा-अकरा वाजतात. वारा छान असतो, घाम फारसा येत नाही, त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. घरी आंघोळीला बसलं की मानेवर पाणी पडताच कळतं.

असं का होतं? आपल्याला जे गरम लागतं आणि जे त्वचा भाजतं, ते एकच नसतं. कातडी भाजतात ते अतिनील किरण, आणि ते अंगाला जाणवत नाहीत. हवा 22 अंश असो की 38, सूर्य डोक्यावर असला की ते येणारच. पातळ ढगांतूनही त्यांतले बरेचसे खाली पोचतात. शिवाय उंची वाढली की दर 1000 मीटरला ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. बेंगळुरू स्वतःच 900 मीटरच्या वर वसलंय, नंदी 1478 मीटर. म्हणजे शहर आणि टेकडी यांत फार फरक नाही, फरक आहे तो सावलीचा. शहरात झाडं आहेत, इमारती आहेत. सावनदुर्गच्या त्या उघड्या ग्रॅनाइटवर काय आहे? छत्री न्यावी म्हटलं तर चढताना दोन्ही हात लागतात.

मग उरतात ते कपडे. आणि कपड्यांबद्दल आपली एक समजूत पक्की आहे की जितके कमी, तितकं गार.

ही समजूत खोडून काढायला मी कुठल्या ब्रँडचं नाव घेणार नाही. सांगली-सोलापूरकडे भर उन्हात खुरपणी करणाऱ्या बाया आठवा. साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि कानांना घट्ट गुंडाळलेलं कापड. पुण्यात स्कूटीवरच्या मुलींचा सनकोट आणि स्कार्फ हेच काम करतात. ट्रेकिंगच्या दुकानात ‘सन शर्ट’ म्हणून जे मिळतं, ते याच शर्टाचं हलकं, लवकर वाळणारं भावंड.

सैल कपड्याची खुबी अशी की कापड तापलं तरी ती उष्णता त्वचेपर्यंत जायच्या आत मधल्या हवेबरोबर निघून जाते. वाळवंटात राहणारे बदाउनी लोक काळे झगे का घालतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं होतं. 1980 साली ‘नेचर’मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: काळा झगा जास्त तापतो खरा, पण सैल असल्यामुळे आतल्या माणसाला पांढऱ्या झग्याइतकीच उष्णता लागते.

आता त्या पांढऱ्या टी-शर्टाकडे वळू. कपड्याची ऊन अडवण्याची ताकद ‘यूपीएफ’ या आकड्यात मोजतात. याचं पहिलं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने 1996 साली केलं. यूपीएफ 50 म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत जातो, म्हणजे दोन टक्के. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा आकडा पाच ते सातच्या घरात असतो, आणि घामाने भिजला की तो आणखी घसरतो. चढताना तो भिजतोच! जीन्सचं कापड उत्तम अडवतं, पण जीन्स घालून डोंगर चढायचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही.

म्हणून महागड्या लेबलाच्या मागे लागण्याआधी घरातलं कपाट उघडा. शर्ट खिडकीशी धरा. पलीकडचा उजेड जितका जास्त दिसेल, तितकं ऊन आत येणार. घट्ट विणीचं, जरा गडद रंगाचं, अंगावर न ताणलेलं कापड चांगलं. पॉलिस्टर लवकर वाळतं, म्हणून घाम येणाऱ्या चढाला ते सोयीचं. त्याला वास मारतो हे खरं, पण दिवसभराचाच प्रश्न असतो.

हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र पैसे खर्च करावेत. मे महिन्यात कॉलेजची मुलं सार पाससारख्या ट्रेकला जातात, तिथे उंची 4000 मीटरच्या वर. ताजा बर्फ अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही येतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनासुद्धा लागतं. तिथे कॉलरचा, अंगठ्यासाठी भोक असलेल्या बाह्यांचा शर्ट आणि चांगला गॉगल ही चैन नाही. भिजलेला सुती शर्ट तर तिथे दुहेरी वैरी, कारण ढग आले की तोच अंगाला गारठवतो.

‘आपण काही गोरे नाही, आपल्याला काय होतंय’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी होतो, हे खरं. पण वांग उन्हाने वाढतो, आणि मोतीबिंदू रंग बघून येत नाही. उलट काही घरांत मुलीलाच तेवढं झाकून घ्यायला सांगतात, ‘काळी पडशील’ म्हणून. हा सल्ला मला मुळीच आवडत नाही. मुलगा असो की मुलगी, सांगायचंच असेल तर भाजू नये म्हणून सांगा.

टोपीचं तेवढं राहिलं. क्रिकेटची टोपी कपाळ वाचवते, पण कान आणि मान उघडीच राहतात. चारही बाजूंनी काठ असलेली टोपी घ्या, किंवा आहे त्याच टोपीखाली पंचा मागे सोडा. नवी घेणार असाल तर हनुवटीखाली बांधायची दोरी आहे ना ते बघा, नंदीच्या कड्यावरचा वारा टोप्या उडवण्यात पटाईत आहे.