घडीचा चाकू घेताना

दुकानदार चाकू फटकन उघडून काउंटरवर ठेवतो, तेव्हा आपली नजर आधी पात्यावर जाते. पाते काळेभोर असेल, पाठीला दाते असतील आणि मूठ लष्करी हिरव्या रंगाची असेल, तर ट्रेकिंगला निघालेल्या मुलाने तो मनोमन घेतलेलाच असतो. वडीलही अंगठ्याने धार चाचपून मान डोलावतात. वास्तविक गेलेली धार पुन्हा लावता येते. सांधा मात्र एकदा वाईट तो कायमचाच वाईट. पाते मुठीला जिथे जोडलेले असते तो घडीच्या चाकूचा सर्वांत नाजूक भाग. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून चाकू घेतला की आपण त्याच्यावर जोरही तसाच लावणार. तो जोर लावताना पाते मिटले तर थेट बोटांवरच मिटते.

म्हणून आधी खटका पाहावा. पाते उघडल्यावर ते अडकवून ठेवणारी ही योजना निरनिराळ्या प्रकारची असते. काही चाकूंत मुठीच्या पाठीवर एक पट्टी असते, ती दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली आणलेला ‘११०’ हा चाकू या जातीचा, आणि त्याच्या नकला जगभर झाल्या. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला फिरवायचे कडे असते. हा चाकू १८९० पासून बनतो, पण कडे बसले १९५५ साली! लाल मुठीच्या नेहमीच्या छोट्या स्विस चाकूला तर खटकाच नसतो, पाते नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते. सफरचंद कापायला तो उत्तम, पण त्याचे टोक खुपसून शहाळ्याला भोक पाडायला जाऊ नये.

खटक्याची परीक्षा दुकानातच करता येते. पाते पूर्ण उघडावे आणि ते मिटले तरी बोटे वाटेत येणार नाहीत अशा रीतीने मूठ दोन्ही बाजूंनी धरावी. मग पात्याची बोथट पाठ लाकडी कडेवर टेकवून हळूहळू दाब द्यावा. आपटू नये. खटका सुटला तर चाकू परत ठेवावा. ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ हे दुकानदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, मानू नये. त्यानंतर पाते चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून पाहावे. पाठीच्या खटक्यात वरखाली किंचित हालचाल असते, ती चालते. आडवी हालचाल मात्र पुढे वाढतच जाते. पत्र्याच्या पट्टीचा खटका असेल तर ती पट्टी बुडाच्या कितपत खाली आली आहे ते वाकून बघावे. जेमतेम कोपऱ्याला टेकली असेल तर धोका. पलीकडच्या टोकाला जाऊन भिडली असेल तर झीज भरून काढायला पुढे जागाच उरलेली नाही. सांध्यात स्क्रू असेल तर बरे, सैल झाला तर आवळता येतो. खिळा ठोकून बंद केला असेल तर तो उपाय राहत नाही.

आता जाडीविषयी. जाड पाते म्हणजे मजबूत चाकू, ही समजूत अर्धीच खरी आहे. बक ११० चे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते, तरी त्याचे पाते जेमतेम ३ मिलिमीटर जाड आणि धारेकडे चांगलेच निमुळते आहे. पाचर वाटावी असे जाड पाते कांदा कापत नाही, फोडते. काथ्याच्या दोरीवरही ते घसरते. खोक्याचे झाकण उचकटायला जाड पाते बरे असे म्हणतात, पण कुठल्याही चाकूने उचकटू नये. त्याला पहार असते.

पात्यावरच्या अक्षरांना भुलू नका. नुसते ‘स्टेनलेस’ किंवा ‘४४०’ लिहिलेले असते, त्यावरून फारसे काही कळत नाही. ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि सी मध्ये कार्बन ए पेक्षा बराच जास्त असतो. त्यातून पोलाद तापवून निववण्याचे काम नीट झाले नसेल तर चांगल्या पोलादाचीही माती होते. याची परीक्षा घरी घ्यावी. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या वीस-पंचवीस पट्ट्या कापाव्यात आणि मग वर्तमानपत्राचा कागद कापून पाहावा. कागद फाटू लागला तर पाते मऊ आहे. साधे कार्बन पोलाद धार छान धरते, पण लिंबू कापले की जुन्या विळीसारखे काळे पडते आणि पावसाळ्यात गंजते. लाकडी मूठही दमट हवेत फुगते, मग पाते उघडताना नखे तुटायची वेळ येते. ज्यांना पुसायचा कंटाळा आहे त्यांनी स्टेनलेसच घ्यावे. दातेरी धार मात्र टाळावी, ती घरच्या दगडावर लावता येत नाही. चाकावर धार लावून घेतलीत तर ठिणग्यांच्या पावसात पात्याची कड निळी पडू देऊ नका. निळी पडली म्हणजे तिचा कडकपणा गेला.

हिंदी सिनेमाने घराघरांत पोचवलेल्या रामपुरीची हौस कोणाला असेल तर कायदाही ठाऊक हवा. घरकाम, शेती किंवा कारखान्यासाठी बनवलेली हत्यारे सोडली, तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत येतो. दिल्लीत बटणाच्या चाकूंवर याहून कडक बंधने आहेत. विमानाने जाताना छोटा चाकूदेखील हातातल्या पिशवीत चालत नाही, तो आधी सोपवायच्या सामानात टाकावा.

घरी आणल्यावर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि फळ कापण्याआधी पाते पुसून घ्यावे. खोबरेल घालू नये. थंडीत ते गोठते, धूळ धरते, आणि खटका अर्ध्यावरच अडकून बसतो.