पुडिंग तांब्यात कसं शिजतं?

गेल्या नाताळाच्या आधी आम्ही काही जण मिळून चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' वाचत होतो. १८४३ सालचं हे छोटंसं पुस्तक. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, तरी दोन ठिकाणी घोडं अडलं. क्रॅचिट कुटुंबाचं पुडिंग म्हणे 'कॉपर'मध्ये शिजत होतं. मोबाइलने अर्थ दिले : तांबं आणि पोलीस! शिवाय बिचारा बॉब क्रॅचिट 'कम्फर्टर' घालून हिंडतो. म्हणजे हा रजई पांघरून कचेरीत जातो की काय, यावर आम्ही पोट धरून हसलो. शेवटी कुणीतरी म्हणालं, "सोडा रे, जुने शब्द आहेत, परीक्षेला थोडेच येणारेत?" आणि आम्ही पुढे गेलो.

मला वाटतं, आपण तिथेच चुकतो.

कॉपर म्हणजे कपडे उकळायचा मोठा हंडा. विटांच्या चुलीत पक्का बसवलेला, खाली जाळ. पुढे तो लोखंडाचाही व्हायला लागला, तरी नाव कॉपरच राहिलं. गरिबाच्या घरी पुडिंग मावेल एवढं दुसरं भांडं कुठलं असणार? म्हणून फडक्यात बांधलेलं पुडिंग कपडे धुवायच्या खोलीतल्या हंड्यात शिजतं आणि बाहेर काढताना घरभर धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. हा अर्थ कळला की सणाच्या त्या वासात रोजचं काबाडकष्टही येतं. 'कम्फर्टर' म्हणजे लोकरीचा लांब मफलर. बॉबकडे ओव्हरकोट नाही, म्हणून तो मफलर. आता हसा बघू.

मिसेस क्रॅचिटचा झगा 'दोनदा उलटवलेला' आहे. कापड विटलं की शिवण उसवायची, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचं. इथे हे दोनदा झालंय. वर तिने स्वस्तातल्या रिबिनी लावल्यात. आपल्याकडे दंड घातलेलं लुगडं नेसून, केसांत फूल माळून सणाला उभी राहणारी बाई आठवा. भाषांतरात नुसता 'जुना झगा' लिहिलात तर गरिबी उरेल, पण तिची हिंमत निघून जाईल.

आपल्याला शब्दांचा अभिमान नाही असं नाही. पायजमा, शाल, खाकी हे इंग्रजीत आपल्याकडून गेले हे सांगून आपण टाळ्या घेतो. 'कॅलिको' आपल्या कालिकतवरून आला, हेही सांगतो. पण याच पुस्तकात कॅलिको कुठे येतो? स्क्रूजच्या प्रेतावरचा चांगला शर्ट झाडलोट करणारी बाई काढून घेते आणि म्हणते, पुरायला कॅलिको चालतो की! म्हणजे आपला मांजरपाट. तिच्यासोबत त्याचे कपडे धुणारी बाई आहे, प्रेताची व्यवस्था बघणाऱ्याचा माणूस आहे. 'तीन चोर' असं लिहून हा प्रसंग उरकता येईल. पण मग मेलेल्या श्रीमंताच्या खोलीत शेवटी कोण पोचलं, तर ज्यांना तो कामाचे पैसे द्यायचा तीच माणसं, हे वाचकाला कळणारच नाही.

काही जण म्हणतील, इतक्या टिपा दिल्या तर गोष्ट मरते. बरोबर आहे. पन्नास शब्दांना टिपा नकोतच. पण ज्या चार-पाच शब्दांवर माणसाची परिस्थिती उभी आहे, ते तरी गाळू नका.

माझी आजी चर्चमधली वेदीवरची वस्त्रं धुवायची. मिस्सात वापरलेल्या छोट्या पांढऱ्या कापडांचं पहिलं पाणी ती मोरीत कधी ओतत नसे, झाडाच्या बुंध्याशी ओतायची. मग नीळ, मग खळ, मग कोळशाची इस्त्री. त्याच हातांनी ती बंगल्यांमधलं धुणंही करायची, पैसे घेऊन. आमच्या घरात वेदीच्या वस्त्रांची गोष्ट कौतुकाने सांगतात, बंगल्यांची कुणी काढत नाही. मीही कधी काढली नव्हती. 'कॉपर'चा अर्थ लागला त्या रात्री मी आजीला विचारलं, "तू कपडे कशात उकळायचीस गं?" ती तासभर बोलत होती. खळ किती घट्ट हवी, सोडा कधी घालायचा, थंडीत बोटं कशी फुटायची. त्यातले निम्मे शब्द मला, मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला, माहीत नव्हते.

तेव्हा मंडळाला माझी एक सूचना आहे. यंदाच्या नाताळ वाचनाला प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून धुण्या-शिवण्याचा एक शब्द आणावा, आणि तो शब्द कुणाच्या हातचा होता तेही सांगावं. सुरुवात मी करीन. बंगल्यांपासून.