व्याधिक्षमत्व : बळ आणि संवाद

'रोगप्रतिकारशक्ती वाढविणे' हा शब्दप्रयोग आपल्या चिकित्सालयांत आणि औषधांच्या वेष्टनांवर फार सैलपणे वापरला जातो. त्वचेच्या कर्करोगासंदर्भात त्याचा पुनर्विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा विकार आपल्या प्रांतास नवा नाही. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे घासल्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली प्रसिद्ध केले. पुढे परकराच्या नाडीखालीही तोच विकार आढळला. आधी काचणे, मग काळवंडणे, आणि अखेर न भरणारा व्रण, असा हा क्रम आहे. देवळी परिसरातील वृद्ध शेतकरी व शेतमजूर स्त्रिया यांना तपासताना हे स्मरणात असावे.

अशा अर्बुदाशी शरीर कसे झुंजते? मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरील संशोधनाने यावर पुष्कळ प्रकाश टाकला आहे. अर्बुदात शिरलेल्या एनके पेशी रासायनिक संदेश देऊन डेंड्रायटिक पेशींना बोलावितात. या पेशी कर्कपेशींचे अंश घेऊन लसीकाग्रंथीत जातात व टी-पेशींना शत्रूची ओळख पटवितात. साहाय्यक टी-पेशींचा दुजोरा मिळाला की डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-१२ स्रवतात. मारक टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमाने प्रतिसाद देतात आणि त्यामुळे डेंड्रायटिक पेशी अधिकच चेततात. कर्करोग नेमका हाच संवाद तोडतो. तात्पर्य, पेशी पुष्कळ असूनही निरोप न पोहोचल्यास प्रतिकार दुबळाच राहतो.

गुळवेलीतील 'जी१-४ए' ही बहुशर्करा उंदरांच्या डेंड्रायटिक पेशींना चेतविते, असे भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांस आढळले. ही आपणांस आनंदाची गोष्ट होय. तथापि प्रयोगशाळेत वेगळा केलेला अंश म्हणजे रुग्णाने घेतलेला काढा नव्हे, आणि उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे. शिवाय आधुनिक इम्युनोथेरपी टी-पेशींवरील लगाम सैल करते. त्यामुळे कधी यकृत वा आतडेही त्याच पेशींच्या माऱ्यात सापडते. अशा रुग्णास, त्याच्या कर्करोगतज्ज्ञास न कळविता, प्रतिकार चेतविणारे रसायन देणे आम्हांस अनुचित वाटते.

याहून मोठा धोका विलंबाचा आहे. प्रारंभी हा कर्करोग शस्त्रकर्माने बहुधा पूर्ण बरा होतो. लेप व काढ्यांत महिने गेले की तो ग्रंथींत पसरू शकतो. अर्बुदाचा शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, हा इशारा सुश्रुतांनीच दिलेला आहे.

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की कमरेवरील, जुन्या भाजल्याच्या वणावरील अथवा ओठावरील व्रण चार आठवड्यांत भरला नाही, तर रुग्णास बायॉप्सीसाठी सेवाग्राम वा सावंगी येथे चिठ्ठीसह पाठवावे. आहार, निद्रा, अग्निरक्षण व मनोबल यांसाठी आपण त्याच्या पाठीशी राहावेच. पेशींमधील संवादाचे मोल जाणणाऱ्या वैद्याने दुसऱ्या चिकित्सकाशी संवाद टाळू नये.