तेल की ग्रीस? प्रश्नच चुकलाय!

जुन्या शिलाई मशीनला तेल घालावं की ग्रीस, हा विषय निघाला की मंडळी लगेच दोन पक्षांत विभागतात, अगदी विंडोज विरुद्ध लिनक्स! माझं मत: दोन्ही पक्ष चूक. वंगण मशीनला नाही, त्या त्या भागाला घालायचं असतं.

आधी मशीन उघडून बघा तरी. सिंगर, मेरिट, उषा, जे काही असेल ते. पायाने चालवायच्या, सरळ टाक्याच्या बहुतेक काळ्या मशीनच्या पोटात गिअर नसतातच. असतात ते दांडे आणि सांधे, आणि वर तेलासाठी बारीक भोकं. पातळ मशीन ऑइल त्या भोकातून आपसूक फटीत झिरपतं. ग्रीस आत शिरत नाही, तोंडाशीच बसतं आणि कापडाचा भुसा गोळा करत राहतं.

खरे गिअर भेटतात ते हाताने फिरवायच्या मशीनच्या हँडलपाशी, किंवा सिंगर २०१ सारख्या मॉडेलच्या खाली. तिथे न्याय उलटा. उघड्या दात्यांवरचं पातळ तेल उडून जातं, ग्रीस चिकटून राहतं. बोटाने पातळसा थर दिला की झालं. पण त्याच गिअरचा दांडा ज्या भोकात फिरतो तिथे परत तेलच!

आता म्हणाल, एवढं काय त्यात? माहूरला माझी मावशी ब्लाउज शिवते. नवरात्रात रेणुकामातेच्या गडावर गर्दी लोटते, तेव्हाच तिच्याकडेही कामाची रीघ लागते. नेमकं त्याआधी एका कारागिराने 'कायमचा इलाज' म्हणून सगळ्या भोकांत गाडीचं ग्रीस कोंबलं. मशीन जाम! भंगारवाला तर टपलेलाच होता. रॉकेलने धुऊन, तेल देऊन दोन दिवसांनी ते फिरलं. पण हंगामातले दोन दिवस गेले ते गेलेच.

आणि 'घरचं तेल चालतंय' म्हणणारे तर थोरच! खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे थंडीत सकाळी मशीन घट्ट. आपल्या मराठवाड्याचं लाडकं करडईचं तेल हवेत सुकून वार्निशसारखं चिकटतं. फोडणीला उत्तम, मशीनला विष.

तेव्हा लक्षात ठेवा: भोकाला तेल, दात्याला ग्रीस, आणि स्वयंपाकघरातलं काहीही नाही. आजोळी एखादं मशीन 'बिघडलंय' म्हणून पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा धुऊन बघा. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं, नुसतं चिकटलेलं असतं :-)